कुठला आकडा लिहू?

मुलाखतीला येणाऱ्याला टेबलाची एकच बाजू दिसते. पलीकडे काय चाललेलं असतं ते त्याला ठाऊक नसतं आणि कुणी सांगतही नाही. मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात सव्वीस वर्षं काढली. त्यातली निम्मी वर्षं तरी, दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या शनिवारी, मी त्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे. म्हणून आधी तिथलं सांगतो.

तिथे तीन माणसं असतात. एक पर्सोनेलचे साहेब, ज्यांना हल्ली एचआर म्हणतात. एक ज्या खात्यात जागा आहे तिथला सुपरवायझर. आणि तिसरा माझ्यासारखा, दुसऱ्या खात्यातून बोलावून आणलेला. समोर बायोडाटांचा गठ्ठा, तो उडू नये म्हणून वर ठेवलेला एखादा रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे मशीनवरून निघालेला भाग, आणि साय धरलेला चहा. सुपरवायझरचं अर्धं लक्ष खाली शॉपवर असतं. त्याचा एक ऑपरेटर सुगीला गावी गेला तो परतलाच नाही, दुसऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आहे. तीन आठवडे तो ओव्हरटाइम देऊन मशीन चालवतो आहे, दोनदा स्वतः मशीनवर उभा राहिला आहे, आणि कस्टमरचा रोज फोन येतो आहे. कुणाच्या बुद्धीची परीक्षा घेण्याचा उत्साह त्याच्यात उरलेला नसतो. त्याला सोमवारी सकाळी सातच्या पाळीला त्या जागी उभा राहील असा माणूस हवा असतो. दार उघडून कुणीही आत आलं की त्याच्या मनात एकच खटपट सुरू होते, हा तिथे उभा राहिलेला कसा दिसेल?

मुलाखतीत छाप पडते ती या खटपटीत. समोर खुर्चीत बसलेला माणूस बोलता बोलता पलीकडच्याला कामावर उभा असलेला दिसायला लागतो, त्याच्या खात्यात, त्याच्या मशीनपाशी, त्याच्या कटकटींच्या मधोमध. असं दिसलं, की मग तो अडखळला काय आणि त्याचा टाय वाकडा काय, कुणी मोजत नाही. आणि तसं दिसलंच नाही, तर इंग्रजी कितीही घोटलेलं असो, ‘कळवतो’ एवढंच उत्तर मिळतं. हे मला उशिरा कळलं आणि एका मुलामुळे कळलं.

फायनल इन्स्पेक्शनला आयटीआय झालेला एक मुलगा हवा होता. अकरा जण आले होते. आमच्या टूलरूमवाल्याने एक पातळ पितळी बुश व्हाइसमध्ये जरा जास्त आवळून मुद्दाम बिघडवून ठेवला होता. नुसतं बघून कळत नव्हतं. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर. टेबलावर बुश, शेजारी ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्निअर, आणि प्रश्न एकच: ‘माप घ्या.’

पहिले सात-आठ जण आले, व्हर्निअर उचलून बुशला लावला, डोळे बारीक केले आणि आकडा सांगून मोकळे झाले. कुणी २४.९८, कुणी २५.०२. तसे सगळे बरोबरच होते, कारण धराल तसा आकडा येत होता. त्यांतल्या एकाचं बोलणं फार छान होतं. ‘सर, मी मेहनती आहे, टीममध्ये काम करायला मला आवडतं, आणि माझा वीक पॉइंट विचाराल तर मी परफेक्शनिस्ट आहे.’ हा परफेक्शनिस्टही एकदाच माप घेऊन थांबला.

मग एक किरकोळ अंगाचा मुलगा आला. शर्ट थोरल्या भावाचा असावा, खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. नाव सांगताना आवाज चिरकला. बुश पुढे केल्यावर त्याने आधी टेबलावर इकडेतिकडे पाहिलं. काय शोधतो आहे ते आम्हाला कळेना. मग त्याने स्वतःच्या खिशातून रुमाल काढला, व्हर्निअरचे जबडे पुसले, बुश पुसला, बुशच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवून बर, म्हणजे धातूची उरलेली धार, राहिली आहे का ते पाहिलं. जबडे पूर्ण मिटवून खिडकीच्या उजेडात धरले आणि शून्यावर शून्य येतो की नाही ते बघितलं. एवढं झाल्यावर माप घेतलं. बुश थोडा फिरवला, पुन्हा घेतलं. आणखी फिरवला, तिसऱ्यांदा घेतलं. मग आमच्याकडे बघून म्हणाला, ‘साहेब, इकडून २४.९४ येतंय आणि आडवं धरलं की २५.०६. हा ओव्हल आहे. कुठला आकडा लिहू?’

सुपरवायझर तोवर खुर्चीत मागे रेलून खालच्या आवाजाकडे कान लावून बसला होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, ‘दोन्ही लिही. आणि ओव्हल कशाने झाला असेल, सांग बरं.’ ‘कुठंतरी दाबला गेला असेल, साहेब. भिंत पातळ आहे याची.’ मग ते दोघं आम्हा बाकीच्या दोघांना विसरून पाच मिनिटं पातळ जॉब धरायचा कसा यावर बोलत बसले. मी एक गोष्ट टिपली. सकाळपासून सगळ्यांना ‘माप घ्या’ म्हणणारा सुपरवायझर या मुलाला ‘लिही’ म्हणाला होता. ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला होता. आमच्या शॉपवर आपल्या माणसाला तू म्हणतात, परक्याला तुम्ही. नेमणुकीचं पत्र निघायला पुढे आठवडा लागला, पण मुलगा कामावर लागला तो त्या ‘लिही’मध्ये.

आता त्या मुलाने काय केलं ते नीट पाहू. त्याने स्वतःबद्दल एक शब्द सांगितला नाही. ‘मी काळजीपूर्वक काम करतो’ हे वाक्य त्या दिवशी आम्ही किमान सहा वेळा ऐकलं होतं, त्याच्या तोंडून मात्र एकदाही नाही. उरलेल्या दहा जणांचं लक्ष आमच्याकडे होतं, आपण कसे दिसतो आहोत याकडे. याचं लक्ष बुशकडे होतं. आणि तो ‘कुठला आकडा लिहू?’ हा प्रश्न तर मला आजही पुरतो. रात्रपाळीत, कुणी बघत नसताना, दोन आकडे येत असताना सोयीचा आकडा लिहून हा मोकळा होणार नाही, थांबेल आणि विचारायला येईल, हे त्या तीन शब्दांत आम्हाला दिसलं. सांगून हे दाखवता आलं नसतं.

छाप हा शब्द मराठीत टांकसाळीच्या शेजारचा आहे. छापा-काटा म्हणतो तो तोच. शिवराई नावाची तांब्याची नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली असत, आणि पुष्कळदा ठशाचा आकार नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरं पुरती उमटलेली शिवराई सहसा हाती येत नाही. कुठे ‘राजा’ अर्धा, कुठे ‘पति’ गळलेला. ठसा पूर्ण असतो, पण चकतीत मावेल तेवढाच उमटतो. मुलाखतीचं असंच आहे. आपला ठसा कितीही सुबक कोरून आणा, तो उमटणार पलीकडच्या माणसाच्या गरजेएवढ्या चकतीवर. तुम्ही राज्य पातळीवर भाषणात बक्षीस मिळवलं असेल, पण चकती जर फायनल इन्स्पेक्शनची असेल तर ते बक्षीस काठाबाहेर पडतं. वाईट वाटतं खरं, पण त्यात तुमचा अपमान नसतो. तुमचा कुठला भाग तिथे उमटू शकेल हे आधी शोधावं लागतं, आणि त्यासाठी चकती बघून घ्यावी लागते.

‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचं निम्म्याहून अधिक जण काय करतात, तर बायोडाटा वाचून दाखवतात. तो आमच्या हातात असतोच. आणि खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांत आम्ही तो पहिल्यांदाच वाचत असतो, त्यामुळे उमेदवाराचं बोलणं कानामागून जातं. एकदा स्टोअर्सला असिस्टंट हवी होती. स्टोअर्सचं काम म्हणजे माल देणं-घेणं कमी आणि भांडणं निस्तरणं जास्त. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस चलनावर शंभर लिहून ब्याण्णव आणतो, शॉपवाला चार हातमोजे नेऊन दोनच नेले म्हणतो. आलेल्या मुलींपैकी एकीने आधी दोन वर्षं गावच्या दूध संकलन केंद्रावर काम केलं होतं. बायोडाटावर तिने ते एका ओळीत उरकलं होतं, जरा लाजूनच. सुपरवायझरने सहज विचारलं, तिथे काय करायचात? ती म्हणाली, ‘पहाटे पाचपासून रांग लागायची. मी फॅट आणि डिग्री बघायची. प्रत्येकाला वाटायचं आपली फॅट कमी लावली. गायीच्या दुधाला साडेतीनच्या खाली फॅट आली की दर उतरतो ना, म्हणून. एक आजोबा रोज भांडायचे. मग मी काय केलं, त्यांच्याच समोर त्यांच्याच कॅनमधून दोनदा नमुना घ्यायला लागले, आणि मशीनवरचा आकडा त्यांनाच वाचायला सांगायचे. आठ दिवसांत भांडण थांबलं. फॅट तेवढीच लागत होती.’

स्टोअर्सचा सुपरवायझर माझ्याकडे बघून हसला. त्याला खिडकीपाशी ती दिसली होती, समोर कॉन्ट्रॅक्टरचा तो ब्याण्णववाला माणूस, आणि ती म्हणते आहे, ‘या, तुम्हीच मोजा.’ तिने जे सांगितलं त्यात एकही विशेषण नव्हतं. पाच वाजता, रांग, आजोबा, दोनदा नमुना. ज्या कामाची तिला लाज वाटत होती तेच काम तिला घेऊन आलं. तपशिलाला एक गुण असतो, तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहतो. ‘मला लोकांशी नीट बोलता येतं’ या वाक्यावर विश्वास ठेवावा लागतो. आजोबांवर विश्वास ठेवावा लागत नाही, ते दिसतातच.

कपड्यांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून सांगून टाकतो. स्वच्छ, इस्त्री केलेले, अंगाला होणारे. बूट पुसलेले. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचावं, तासभर आधी नको, कारण मग रिसेप्शनवाली वैतागते आणि तुम्हीही. अत्तर नको. यापलीकडे यात काही नाही. वाईट कपड्यांनी छाप बिघडते, पण चांगल्या कपड्यांनी ती पडत नाही. भावाचा शर्ट घालून आलेल्याची गोष्ट वर सांगितलीच.

‘माहीत नाही’ या दोन शब्दांकडे मात्र थोडं थांबायला हवं, कारण उमेदवार सगळ्यात जास्त भितो ते त्यांना. इथे कारखाना सोडून जरा दिल्लीला जाऊ. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवांची मुलाखत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये होते. लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, मिळून २०२५ गुण. हिंदीत मुलाखतीला साक्षात्कार म्हणतात. मराठीत साक्षात्कार संतांना होतो, आपल्याला होते ती मुलाखत, म्हणजे मुळात नुसती भेट. आयोगाचं स्वतःचं म्हणणंही भेटीच्याच जवळ जाणारं आहे. ही उलटतपासणी नव्हे, हेतू ठेवून केलेला सहज संवाद आहे, असं त्यांच्या अधिसूचनेत दर वर्षी असतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून निघालेली मुलं मात्र तिथे उलटतपासणीच्या तयारीने जातात. मॉक मुलाखती देऊन देऊन त्यांची उत्तरं इतकी गुळगुळीत झालेली असतात की एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं तरी चालावं.

छंद म्हणून ट्रेकिंग लिहिणारे त्यांत पुष्कळ. राजगडाच्या तीन माच्या विचारल्या तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी हे तोंडपाठ येतं, कारण ते पाठ करता येतं. पण गडावर पाणी कुठे भरलंत, रात्री कुठे झोपलात, असं विचारा. जो गेलेला असतो तो लगेच तळ्याचं, देवळाचं, तिथे भेटलेल्या माणसांचं बोलायला लागतो आणि थांबवावा लागतो. जो गेलेला नसतो तो माच्यांकडे परत जातो.

तर ‘माहीत नाही’. बोर्डासमोर बसलेल्याला वाटतं, हे म्हटलं की गुण गेले. पण पलीकडचे लोक तिथेही एक चित्रच जुळवत असतात. पुरात निम्मा तालुका अडकला आहे, मंत्र्यांची बैठक चालू आहे, आणि कुणीतरी या अधिकाऱ्याला विचारतं, किती गावांचा संपर्क तुटला? त्याला नक्की आकडा ठाऊक नाही. आता तो ठोकून देईल, की ‘आत्ता माझ्याकडे नाही, अर्ध्या तासात तहसीलदारांकडून घेऊन सांगतो’ म्हणेल? मुलाखतीत न येणारा प्रश्न मुद्दाम टाकतात तो बहुतेक यासाठी. माहीत नसलेल्या गोष्टीपुढे माणूस कसा उभा राहतो ते तिथे उघडं पडतं. नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून खाली मान घालणारा वेगळा, आणि ‘हे मला ठाऊक नाही, पण एवढं ठाऊक आहे, त्यावरून असं वाटतं’ म्हणणारा वेगळा. दुसऱ्याने आपल्या अज्ञानाची हद्द आखून दाखवलेली असते. क्वालिटीच्या भाषेत म्हणायचं तर तो स्वतःचा झिरो एरर, म्हणजे जबडे मिटल्यावर शून्यावर शून्य न येण्याची चूक, सांगतो. झिरो एरर असलेला व्हर्निअर वापरता येतो, किती आहे ते कळलं की वजा करता येतं. तो लपवणारा व्हर्निअर भंगारात काढावा लागतो.

हे सगळं मी आता शहाण्यासारखं सांगतो आहे, पण माझी स्वतःची पहिली मोठी मुलाखत मी घालवली होती. रात्रीच्या एसटीने सांगलीहून मुंबईला गेलो होतो. कंपनी नावाजलेली, पोस्ट इन्स्पेक्टरची. इंग्रजीतली तीस उत्तरं घोटून पाठ केली होती. समोरच्या वयस्क गृहस्थांनी फाइल मिटली आणि मराठीत विचारलं, ‘गेटपासून इथवर चालत आलात ना, वाटेत काय पाहिलंत?’ माझ्या तिसांत हा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, ‘विशेष काही नाही, सर.’ ते ‘बरं’ म्हणाले. त्यानंतरचे प्रश्न त्यांनी नुसते उरकले. परत जाताना त्याच वाटेने गेलो तेव्हा दिसलं. शॉपच्या दाराशी लाल रंग मारलेल्या पेटीत रिजेक्ट जॉबचा ढीग, आणि त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, पाठवायला तयार मालाची पेटी. एखादा जॉब इकडचा तिकडे पडायला वेळ लागणार नव्हता. इन्स्पेक्टर होऊ पाहणाऱ्याने ते बघायला हवं होतं.

बरीच वर्षं मी त्या गृहस्थांवर मनातून चिडून होतो. अजूनही मला तो प्रश्न पूर्ण न्याय्य वाटत नाही. भेदरलेला माणूस डोळे उघडे असूनही आंधळा असतो, आणि नोकरी लागल्यावर चौथ्या दिवशी त्याला सगळं दिसायला लागतं. मुलाखत घेणाऱ्याचं निम्मं कौशल्य समोरच्याची भीती उतरवण्यात असतं, आणि ते आमच्यातल्या फार थोड्यांना येतं. पण त्यांना माझ्या तोंडून उत्तर नको होतं, त्यांना माझे डोळे बघायचे होते, हेही खरं. मी तीस उत्तरं डोळ्यांवर बांधून आत गेलो होतो.

आणि पलीकडच्या बाजूचे दोष सांगितल्याशिवाय हे निरूपण खोटं पडेल. आम्हाला चित्र दिसतं म्हणतो, पण ते चित्र खरं असतंच असं नाही. १९२० साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं, की सैन्यातले वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांचे वेगवेगळे गुण देत असले तरी ते गुण संशय यावा इतके एकमेकांच्या मागून चालतात. एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्याच बाबतींत आवडतो. त्याहून गंमतीचा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुलाखत देणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की प्रश्नाचं खरं उत्तर देऊ नका, एका ठरावीक युक्तीने चिठ्ठी टाकल्यासारखं हो किंवा नाही म्हणा. मुलाखत घेणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्या अर्थहीन उत्तरांतूनही त्यांनी समोरच्याचा स्वभाव व्यवस्थित ‘ओळखला’. आणि त्या विद्यार्थ्यांना पुढचे गुण किती पडतील याचा अंदाज, मुलाखत न घेता नुसते जुने गुण पाहून केला असता तर जास्त बरोबर आला असता. हे वाचलं तेव्हा मला माझे सगळे शनिवार आठवले आणि जरा घाम फुटला. म्हणून मी तरी शेवटी शेवटी बुश आणि व्हर्निअर सोडून बोलण्यावर भरवसा ठेवणं कमी केलं. डोळ्यांपुढचं चित्र हाताच्या कामावरून काढलेलं असलं तर खोटं ठरण्याची भीती थोडी कमी.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण आलं होतं. लेखी परीक्षेला १०० गुण, तोंडी परीक्षेला ५०, आणि ती तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकलेली. तेही प्रश्न घरच्या माणसांबद्दलचे. मुलाखतीला एवढं वजन देणं मनमानीचं आहे, पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं न्यायालयाने सांगितलं. दोन-तीन मिनिटांत कसलं चित्र दिसणार? दिसतो तो फक्त चेहरा, आडनाव आणि बोलण्याचा हेल.

आडनावाचं तर बोलायलाच हवं. कधी कधी चकती आधीच ठोकून झालेली असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्यांनी जाहिराती पाहून खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुसलमान नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. म्हणजे टेबलापर्यंत पोचण्याच्या आधीच चाळण लागलेली. ‘घरी कोण कोण असतं, वडील काय करतात?’ हा प्रश्न मीही कितीदा ऐकला, आणि काही वेळा विचारलाही, आपुलकी म्हणून. त्यात आपुलकीखेरीज दुसरं काही मोजलं जात असेल हे मला फार उशिरा सुचलं. अशा टेबलापुढे बसलेल्याला ‘कामाकडे लक्ष द्या, छाप आपोआप पडेल’ असं सांगणं म्हणजे त्याचीच चेष्टा. तिथे दोष ठशाचा नसतो.

भाषेचंही थोडं तसंच. लातूर-नांदेडकडचा मुलगा व्हर्निअर मराठीत उत्तम वाचतो आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की दगड होतो. आमच्याकडे जो धीर करून ‘मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचारायचा त्याला आम्ही कधी नाही म्हटलं नाही, उलट तिघांनाही सुटल्यासारखं व्हायचं. पण जिथे दिवसभर परदेशी ग्राहकाशीच बोलायचं आहे तिथे हे चालणार नाही, कारण तिथे भाषा हीच मशीन आहे. परत तेच, पलीकडच्याला तुम्ही कुठे उभे केलेले हवे आहात ते बघायचं. करोनानंतर पुष्कळ मुलाखती लॅपटॉपवर होतात, तिथे उमेदवार स्वतःच्याच चौकोनाकडे बघत बसतो. आपण कसे दिसतो याकडे लक्ष जायला आता आरसाच समोर ठेवलेला. जमलं तर तो चौकोन झाकून टाकावा.

परवा भाच्याचा फोन आला. चाकणला एका कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझरची मुलाखत होती, दुसऱ्या दिवशी अकराला. निळा शर्ट की पांढरा, पगार विचारला तर किती सांगू, मधे आठ महिने घरी होतो ते कसं मांडू, असे प्रश्न एकापाठोपाठ एक. शर्टाचं आणि पगाराचं झटकन सांगितलं. आठ महिन्यांचं म्हटलं, आईच्या आजारपणात होतास ते जसं आहे तसं एका वाक्यात सांग आणि पुढे चल, लांबण लावलीस की त्यांना शंका येईल. मग मी विचारलं, ‘ही जागा रिकामी का झाली रे?’

‘म्हणजे?’

‘आधीचा सुपरवायझर गेला का? का गेला? की नवीन लाइन टाकतायत?’

‘ते मला काय माहीत, मामा.’

‘मग उद्या ते म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का, तर हेच विचार.’

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मागे कुकरची शिट्टी झाली, ताई गॅस बारीक कर म्हणून कुणाला तरी ओरडली.

‘असं विचारलेलं चालतं?’ तो म्हणाला.